सुट्या पैशांतला छंद

स्मारक नाणी जमवते असे सांगितले की वर्गातल्या मैत्रिणींचा पहिला प्रश्न ठरलेला : "विकली तर किती येतील?" वैष्णोदेवीचे नाणे लाखाला जाते, ही अफवा प्रत्येकीने मोबाईलवर वाचलेली असते. अशा जाहिरातींत रिझर्व्ह बँकेचे नाव पुढे करून कमिशन व कर उकळले जातात. खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये तसा इशारा दिला होता. ऊसतोडीच्या उचलीला किती वाटा फुटतात ते आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. तिच्यातले शंभर रुपयेसुद्धा अशा लाखाच्या आशेवर जाऊ नयेत, असे मला कळकळीने वाटते.

या नाण्यांची खरी गंमत ती हातोहात फिरतात यातच आहे. आपल्या देशात ही प्रथा १९६४ साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर सुरू झाली. पन्नास पैशांवर व रुपयावर त्यांची मुद्रा आली. सत्तरच्या दशकात धान्य पिकवा, कुटुंब लहान ठेवा, असे संदेश चिल्लरीवर उमटले. ज्या घरात वर्तमानपत्र येत नव्हते तिथेही सरकारचे म्हणणे आजीच्या चंचीत जाऊन बसले! आजीला वाचता येत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

माझ्या डब्यातले सर्वांत लाडके नाणे म्हणजे १९९० चा, जन्मशताब्दीनिमित्त निघालेला बाबासाहेबांचा रुपया. मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला. प्रत्यक्ष नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. म्हणजे विद्यापीठाच्या पाटीआधी बाबासाहेब रुपयावर आले. त्या मधल्या वर्षांत ते नाणे नामांतराच्या बाजूच्या आणि विरोधातल्या, दोन्हीकडच्या खिशांतून फिरले असणार. जातीच्या कारणाने ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्या हातचा रुपया मात्र कोणी नाकारला नसेल! माझे नाणे पार झिजले आहे. कोणी कोरे करकरीत देऊ केले तरी मी बदलणार नाही. ही झीज म्हणजेच त्याचा इतिहास.

२०१५ मध्ये बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीवर्षानिमित्त दहा रुपयांचे आणि संग्रहासाठी सव्वाशे रुपयांचे अशी दोन नाणी निघाली. सव्वाशेचे नाणे दिसायला देखणे, पण त्याने आयुष्यात कधी मिरची-कोथिंबीर घेतली नाही. मला ते परके वाटते. दहाच्या नाण्याचे दुःख निराळे; वेगळे चित्र दिसले की दुकानदार ते खोटे ठरवून परत करतो. वास्तविक दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार असून सगळे वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केले आहे. नाणी जमवणाऱ्याने हे चार माणसांत सांगितले तरी भाजीवालीची चिल्लर अडून राहणार नाही.

१९९९ चा ज्ञानेश्वर माउलींचा रुपया आणि त्याच सालचे शिवछत्रपतींचे अकरा कोनांचे दोन रुपये माझ्याकडे आहेत. २००२ चे तुकोबांचे दोन रुपये मात्र अजून सापडत नाहीत. ज्यांनी सावकारीची कागदपत्रे इंद्रायणीत बुडवली असे सांगतात, ते माझ्या डब्यात सहजासहजी कसे येतील म्हणा! वाचकांपैकी कोणाला एस.टी.च्या सुट्यांत ते मिळाले तर अवश्य कळवावे. बदल्यात दोनच रुपये मिळतील.