चरकांत गेलेल्या हाताची किंमत

पणदऱ्याच्या पंचक्रोशींत ऊस आहे तोंवर गुऱ्हाळें राहणार, आणि गुऱ्हाळें आहेत तोंवर चरकांत हात जाण्याचें भयही राहणार. पहांटे चरकाला ऊस लावणारा गडी क्षणभर पेंगला, बाहीचें टोंक रुळांत सांपडलें, कीं पंजा गेलाच म्हणून समजावें. पुढें काय होतें तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. धनी दवाखान्याचें बिल भरतो, वर पांच-दहा हजार रुपये उरलेल्या हातावर ठेवतो, गांवचीं चार वजनदार माणसें मध्यें पडतात आणि ‘आतां आमचें कांहीं मागणें नाहीं’ अशा कागदावर अंगठा घेतात.

बंधूंनो, तो कागद कायद्यापुढें कवडीमोलाचा आहे.

कामकऱ्यांच्या नुकसानभरपाईचा कायदा या देशांत 1923 सालीं झाला. पण त्याची मागणी त्याच्याही पूर्वीची, आणि ती कोणा साहेबाच्या डोक्यांतून निघालेली नव्हे. 1884 सालीं सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून सरकारपुढें ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याची सुटी होती, तशीच आणखी एक गोष्ट होती: कामावर जबर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा आणि जन्माचा अधू झालेल्याच्या पोटाची तजवीज व्हावी. रविवारची सुटी 1890 मध्यें मिळाली, ती सर्वांस ठाऊक आहे. भरपाईचा हक्क मिळूनही शंभर वर्षें उलटलीं, तो मात्र गुऱ्हाळावर कोणास ठाऊक नाहीं!

तो कायदा आतां सामाजिक सुरक्षा संहिता 2020 हिच्यांत सामावला असून संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. नांव बदललें, गाभा तोच. इंजिनावर वा विजेवर चालणारा चरक असो, ट्रॅक्टर असो, कीं औद्योगिक वसाहतींतलें यंत्र असो, कामावर असतां कामामुळें इजा झाली कीं धनी देणें लागतो. (कारखान्यांत राज्य विमा योजना लागू असेल तर पैसे धन्याऐवजीं त्या योजनेंतून मिळतात.) ‘तुझेंच लक्ष नव्हतें’ हें उत्तर येथें चालत नाहीं. गडी नशेंत होता किंवा त्यानें जाणूनबुजून सुरक्षेचें साधन काढून टाकलें, असें कांहीं धन्यानें शाबीत केलें तरच तो सुटतो. आणि मृत्यु झाला वा माणूस कायमचा पुरता निकामी झाला तर तीही सबब लंगडी पडते.

आतां हिशेब पाहा. गडी 35 वर्षांचा, पगार महिना 12,000 रुपये. तो कायमचा पुरता निकामी झाला तर पगाराचे 60 टक्के, म्हणजे 7,200 रुपये, आणि त्यास वयाप्रमाणें ठरलेल्या आंकड्यानें गुणावयाचें. पस्तिशीला तो आंकडा 197.06. गुणाकार 14,18,832 रुपये. एक पंजा गेला तर कोष्टकांत 60 टक्के कमाई गेली असें धरतात: 8,51,299 रुपये. गडी मेला तर पगाराच्या निम्म्यास तोच गुणक: 11,82,360 रुपये. औषधपाण्याचा खर्च निराळा. कोठें हे आंकडे आणि कोठें ते पांच-दहा हजार!

बरें, कोष्टक ही शेवटची हद्द नव्हे. ओरिसांतील एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. उजवा शाबूत आहे, असें धन्याचें म्हणणें. सुप्रीम कोर्टानें 1975 सालीं ठरविलें कीं एका हातानें सुतारकाम होत नाहीं, सबब नुकसान शंभर टक्के. रंधा ज्यानें धरला आहे त्याला हें कोर्टाकडून शिकावें लागत नाहीं.

धन्यानें महिन्याच्या आंत पैसे न दिल्यास 12 टक्के व्याज चढतें, वर दंडही होऊं शकतो. मृत्यूची रक्कम सरकारी अधिकाऱ्याकडेच भरावी लागते. घरांत नेऊन दिलेली ती भरपाई धरली जात नाहीं. दावा दोन वर्षांच्या आंत लावावा. बीडकडून आलेल्या मजुरास त्यासाठीं येथें खेटे घालावयास नकोत. तो आपल्या राहत्या ठिकाणींही दावा लावूं शकतो.

आतां थोडें कडू. गुऱ्हाळाचा धनी कोणी शेटजी नव्हे, तो आमच्यांतलाच कुणबी आहे. 1875 च्या मे महिन्यांत आपल्याच तालुक्यांतील सुप्यास शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या नि कर्जरोखे जाळले. त्यांचे नातू-पणतू आज गड्याकडून कागदावर अंगठे घेतात, हें शोभतें काय? एवढी रक्कम आणावयाची कोठून, हा धन्याचा प्रश्न खरा आहे. पण त्याला उत्तर आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वीं गड्यांचा नुकसानभरपाईचा विमा उतरावा. भरपाई विमा कंपनी देते. उशीर केल्याचा दंड मात्र धन्याच्याच माथीं बसतो.

आणि गड्यानें काय करावें? दवाखान्यांत कागद लिहितात तेव्हांच ‘चरकांत हात गेला’ असें लिहवून घ्यावें. पुष्कळदां तेथें ‘घरीं पडला’ असें लिहिलें जातें. हजेरीची वही, उचलीची चिठ्ठी, सोबतच्या गुळव्याचें नि जाळव्याचें नांव, हें सगळें बायकोनें त्याच आठवड्यांत गोळा करून ठेवावें. हंगाम संपला कीं साक्षीदार आपापल्या गांवीं निघून जातात.