विश्लेषण : कोल्हापूरचे नेमबाज जगात, मग 'स्कीट'मध्ये आपण कुठे?

मिरजेहून तासाभराच्या अंतरावरच्या कोल्हापूरने तेजस्विनी सावंत (२०१०, म्युनिकमध्ये जगज्जेती), राही सरनोबत (२०१८, आशियाई सुवर्ण) आणि कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे (२०२४, पॅरिसमध्ये कांस्य) दिले. तिघेही रायफल किंवा पिस्तूलवाले. उडत्या तबकड्या फोडणाऱ्या शॉटगनमध्ये मात्र राजस्थान, पंजाबची नावे येतात. असे का?

स्कीट म्हणजे काय?
अर्धवर्तुळाकार मैदान, दोन टोकांना एक उंच आणि एक बुटके घर. त्यांतून तबकड्या सुटतात. नेमबाज आठ जागांवरून त्या फोडतो. तबकडी दिसेपर्यंत बंदूक कमरेजवळच ठेवायची, आणि 'पुल' म्हटल्यावर ती लगेच सुटेल की तीन सेकंदांनी, हेही ठाऊक नसते. पात्रता फेरीत १२५ तबकड्या.

फरक किती बारीक?
१९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सचा एरिक स्विंकल्स आणि चेकोस्लोव्हाकियाचा योसेफ पानाचेक दोघांनीही २००पैकी १९८ फोडल्या. शूट-ऑफमध्ये स्विंकल्सच्या वाट्याला रौप्य आले. पॅरिसमध्ये अनंतजीत नरुका व महेश्वरी चौहान यांचे मिश्र सांघिक कांस्य चीनविरुद्ध ४३-४४ असे, म्हणजे एका तबकडीने हुकले.

अडते कुठे?
हिशेब करून पाहा. स्कीटच्या एका काडतुसात २४ ग्रॅमपर्यंत छर्रे असतात. १२५ काडतुसे म्हणजे तीन किलो, आणि ही फक्त एका स्पर्धेची पात्रता फेरी. एअर रायफलची गोळी जेमतेम अर्ध्या ग्रॅमची. ६० गोळ्यांत सामना संपतो. ती एखाद्या हॉलमध्ये, दहा मीटरवर खेळता येते. शॉटगनचे छर्रे दूरवर जाऊन पडतात, त्यामुळे समोर दोन-अडीचशे मीटर मोकळे रान हवे. शिवाय बारा बोअरच्या बंदुकीला परवाना. बिकानेरचे महाराजा करणीसिंह १९६२मध्ये ट्रॅपमध्ये जागतिक रौप्य जिंकले, यात नवल नाही. जमीन आणि बंदुका त्यांच्या घरच्याच होत्या.

कोल्हापूरची दुधाळी रेंज मुलांना सायकलवरून गाठता येते. त्यामुळे मिरजेतल्या पालकाने आज मुलीला एअर रायफलला घातले तर ती निवड शहाणपणाचीच. तिच्यातल्या चपळाईला शॉटगन अधिक साजली असती का, हे तपासायला मात्र आधी मैदान लागेल, आणि तेवढी जागा एका क्लबला विकत घेणे अवघड. ती सरकारच देऊ शकते.