स्वेटरने ट्रॉली थांबत नाही

हिवाळ्यात शाळा उशिरा भरवण्याच्या मागणीवर ‘स्वेटर घाला, थंडीचा एवढा बाऊ कशाला?’ असे गेल्या आठवड्यातील पत्रलेखक विचारतात. स्वेटरने हुडहुडी थांबेल, कापसाची ट्रॉली नाही. डिसेंबर-जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. सकाळपाळीची मुले त्याआधीच सायकलवर नाहीतर फाट्यावर असतात. त्याच रस्त्याने वणी-पांढरकवड्याच्या जिनिंगकडे कापूस निघतो. फुगलेल्या बोजाखाली ट्रॉलीचा मागचा दिवा दिसत नाही. नियमाने तांबडा रिफ्लेक्टर सक्तीचा आहे. बैलगाडीला तर विचारतो कोण!

नऊची शाळा म्हणजे ‘लाड’, हेही त्यांचेच. शाळा नऊनंतर भरवण्याचे राज्य शासनाचे फेब्रुवारी २०२४ चे परिपत्रक फक्त चौथीपर्यंतचे. गावाबाहेर शिकायला जाणारी बहुतेक मुले पाचवीपुढची, ती त्यात बसतच नाहीत. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने मुलींची सोय केली, भाऊ सायकलवरच राहिला. टिपेश्वर अभयारण्यालगतच्या गावांत अंधारात वाघाचेही भय आहे, ते वेगळेच.

हिवाळ्यापुरती माध्यमिकची सकाळपाळी आठला भरवावी आणि एसटी आगाराने बसही त्याच दिवसापासून पुढे ढकलावी. नुसती शाळा उशिरा केली, तर पोरे जुन्याच वेळच्या बसने येऊन शाळेच्या दारात तासभर कुडकुडतील. रिफ्लेक्टर पट्ट्या बाजार समित्यांनी कापसाच्या मापाच्या वेळीच चिकटवून द्याव्यात.

— एक निवृत्त शिक्षक, पांढरकवडा