आपल्या लग्नात पुढे कोण चालणार?

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही हॉलमध्ये जा. आपल्या समाजाच्या लग्नात आता एक दृश्य ठरलेले आहे. दार उघडते, धूर सोडला जातो, कोल्ड पायरोच्या ठिणग्या उडतात, डीजे ‘ब्राइड एन्ट्री’चे गाणे लावतो. सगळ्यांत पुढे पाच-सहा वर्षांची एक मुलगी असते. पांढरा घेरदार फ्रॉक, डोक्यावर फुलांचा मुकुट, हातात परडी. ती वाटेवर पाकळ्या टाकत चालते आणि तिच्या मागून नवरी येते. स्टेजवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा मांडलेली असते. शेजारी बौद्धाचार्य घड्याळ बघत उभे असतात, कारण एन्ट्रीला अर्धा तास लागणार आणि विधीला मिळणार पंधरा मिनिटे.

या पाकळ्या टाकणाऱ्या मुलीला इव्हेंटवाले ‘फ्लॉवर गर्ल’ म्हणतात. पॅकेजमध्ये ती फुलांच्या चादरीसारखीच एक वस्तू असते. आम्हाला विचारायचे आहे ते एवढेच: आपल्या मंगल परिणयात सर्वांत पुढे कोणी चालावे आणि त्या व्यक्तीच्या हातात काय असावे? हा निर्णय आपण घ्यायचा की इव्हेंटवाल्याने?

आधीच सांगतो, परदेशी आहे म्हणून आमचा विरोध नाही. मरोळच्या किंवा बोरिवलीच्या आयसी कॉलनीच्या चर्चमध्ये ईस्ट इंडियन आणि इतर ख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नात लहान मुली फुले घेऊन चालतात. ती त्यांची रीत आहे, त्यांच्या प्रार्थनेला जोडलेली आहे. त्यांच्याशी आपले काहीच भांडण नाही. बाबासाहेबांनी सूट घातला, कोलंबिया आणि लंडनमध्ये शिक्षण घेतले. बाहेरचे म्हणून काही टाकून द्यावे अशी आपली शिकवण नाही. पण बाहेरून घेताना बाबासाहेब पारखून घेत. आपण मात्र रील बघून घेतो.

काही मित्र म्हणतील, "एवढ्याशा पोरीच्या हौसेवर कसला लेख लिहिता? अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती हे विषय संपले काय?" संपलेले नाहीत. पण डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. कशावर? लुगडे कसे नेसावे, अंगावर कोणते दागिने नसावेत, यावर. जातीची खूण सांगणारी नेसण्याची पद्धत सोडा, असे त्यांनी सांगितले आणि बायकांनी तिथल्या तिथे ती बदलली. ज्यांना चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क मोठा वाटत होता, त्यांना लुगड्याची नेसणही क्षुल्लक वाटली नाही. कारण माणसाचे मन आधी अशाच लहानसहान गोष्टींत घडते.

मग या पाच-सहा वर्षांच्या मुलीचे मन काय शिकते ते पाहा.

तिची निवड कशी होते? नात्यात चार मुली असतील तर जी गोरी, जी ‘गोड दिसते’, ती निवडली जाते. सावळी बहीण खुर्चीवर बसून पाहते. हे आम्ही आमच्याच नात्यागोत्यात पाहिले आहे आणि त्या बसलेल्या मुलीचा चेहराही पाहिला आहे. ज्या समाजाला रंगावरून, आडनावावरून, वस्तीच्या नावावरून पिढ्यान्‌पिढ्या मोजले गेले, त्या समाजाने आपल्याच लेकरांना रंगावरून निवडावे? निवडलेल्या मुलीलाही काय मिळते? छान दिसायचे, दुसऱ्याच्या वाटेवर फुले टाकायची आणि बाजूला व्हायचे. बोलायचे काहीच नाही. मुलगा असता तर त्याला कदाचित छोटा कोट घालून मिरवले असते. पाकळ्या टाकायचे काम मात्र मुलीचेच.

आणि ही गोष्ट नवी आहे असे समजू नका. करवली हे जुने रूप आपल्या घरांतही अजून जिवंत आहे. नवरीच्या मागे शकुनाचा दिवा आणि कऱ्हा घेऊन उभी राहणारी बहीण. तिच्याभोवती शकुन-अपशकुनाचे सगळे जाळे आहे. ओटी भरायला सवाष्ण लागते, हळद लावायला सवाष्ण लागते. विधवा मावशी मागच्या रांगेत. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरांतही हळदीच्या दिवशी हे चालते. म्हणजे आपण जुनी करवली सोडली नाही आणि वर फ्लॉवर गर्ल आणली. एक शकुनासाठी, दुसरी फोटोसाठी. माणूस म्हणून या मुलीला जागा कुठेच नाही.

लग्नातल्या लहान मुलीबद्दल बोलताना आपल्याला रमाई आठवली पाहिजे. १९०६च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार संपल्यावर रात्री, उघड्या शेडमध्ये भीमराव आणि रमाबाईंचे लग्न लागले. तेव्हा रमाई जेमतेम नऊ वर्षांची होती. त्या काळाची ती रीत होती. त्याच बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरला, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेत हजारो स्त्रियांना सांगितले की मुलांच्या लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झाले तर नवऱ्याची दासी न होता त्याची बरोबरीची मैत्रीण व्हा. नऊ वर्षांच्या नवरीपासून बरोबरीच्या मैत्रिणीपर्यंतची ही वाट आपल्या आयाबायांनी तुडवली आहे. त्या वाटेवर चालणाऱ्या लेकीच्या हाती आपण आज फक्त परडी द्यायची?

आता बाबासाहेबांनी सांगितलेली विवाहपद्धती आठवा. महापरिनिर्वाणाच्या अवघे काही दिवस आधी, डिसेंबर १९५६ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती सांगितली आहे. होम नाही, सप्तपदी नाही. पांढरी वस्त्रे नेसलेले वधू-वर, मध्ये स्टुलावर काठोकाठ पाण्याने भरलेले नवे मडके, त्यात सोडलेला सुती धागा, त्याचे एक टोक तिच्या हाती, एक त्याच्या हाती, आणि कुणीतरी म्हटलेले मंगलसुत्त. एवढेच! कर्ज काढावे लागेल असे यात काय आहे? मातीचे मडके, पाणी, सूत. ज्या पाण्यासाठी महाडला संघर्ष झाला, ते पाणी आपल्या लग्नाच्या मध्यभागी ठेवले आहे.

फुलांचेही तसेच. बुद्धवंदनेत आपण फूल वाहतो तेव्हा म्हणतो की हे फूल जसे कोमेजते तसे हे शरीरही नाश पावणार आहे. आपल्याकडे फूल अनित्यतेची आठवण देते. जयमंगल गाथेनंतर अक्षतांऐवजी सगळे मिळून पाकळ्या उधळतात, त्यात लहान-थोर, बाई-पुरुष सगळे असतात. तेच फूल नवरीच्या चपलेखाली अंथरायचे, हे आपल्या फुलाच्या अर्थाशीच जुळत नाही.

मग पर्याय काय? नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही, पोरांची हौस खरी असते. आमच्या मनात जे आहे ते मांडतो. खर्च कशालाच फारसा नाही.

एक, पाणी आणि धागा मुलांच्या हाती द्या. वधूकडचे एक मूल आणि वराकडचे एक मूल, दोघे आपापल्या घरून छोट्या तांब्यात पाणी आणतील आणि मडक्यात ओततील. तिसरे मूल सुताचा धागा आणेल. मुलगा-मुलगी असा भेद नाही. ही मुले विधीचाच भाग होतात, ती गेली तर विधी अडतो. शोभेची बाहुली आणि काम करणारे माणूस यांत हाच फरक आहे.

दोन, त्रिसरण-पंचशील मुलीच्या आवाजात होऊ द्या. विहारातल्या रविवारच्या वर्गाला जाणारी एखादी दहा-बारा वर्षांची मुलगी माइक घेऊन म्हणेल आणि सगळा हॉल तिच्या मागून म्हणेल. ज्या मुलीमागून शेकडो माणसे बोलली, ती उद्या वर्गात हात वर करायला घाबरणार नाही.

तीन, संविधानाची उद्देशिका. शाळेच्या पाठ्यपुस्तकात ती छापलेली असते, मुलांना येते. वाचायला दीड-दोन मिनिटे लागतात. वधू-वरांनी प्रतिज्ञा घेण्याआधी मुलांनी ती वाचावी. समता आणि बंधुता हे शब्द संसद भवनाइतकेच स्वयंपाकघरातही लागतात, हे त्या दिवशी दोन्ही घरांना ऐकू जाईल.

चार, आणि हा आमच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा: पुढे चालण्याचा मान आजीला द्या. विधवा असेल तर आवर्जून द्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने कौतुक केले. आपल्या लग्नाच्या हॉलमध्ये असा ठराव कधी होणार? घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७च्या गोळीबारात दहा जण गेले. ज्या बायकांनी एकट्याने लेकरे वाढवली, पहाटे उठून धुणीभांडी केली, महापालिकेचा झाडू हाती घेतला, त्यांनीच आजच्या नवरा-नवरीची वाट झाडून स्वच्छ केली आहे. नातवंडाचे बोट धरून अशी आजी पुढे चालू दे, हातात मेणबत्ती असू दे. तिला ‘अपशकुन’ म्हणायची छाती कुणाची होते ते बघू.

पाच, दान. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी आपल्या दारात आहेत. तिथल्या शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांबरोबर उपासिकांची आणि भिक्खुणींची नावेही दानदाते म्हणून कोरलेली आहेत. म्हणजे या डोंगरात बाईचे नाव शोभेसाठी नाही, कर्तृत्वासाठी कोरले गेले. मग परडीत पाकळ्यांऐवजी पुस्तके ठेवा. मुले ती घेऊन चालतील, प्रतिमेपुढे ठेवतील आणि दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या अभ्यासिकेत जमा करतील. पुस्तकाच्या पहिल्या पानावर वधू-वरांचे आणि आणणाऱ्या मुलाचे नाव लिहा.

यात एक धोका आहे, तोही सांगतो. उद्या इव्हेंटवाला हेच ‘भीम थीम’ म्हणून विकेल. निळा फ्रॉक, हातात संविधानाची पुठ्ठ्याची प्रतिकृती, तीन रीटेक. तसे झाले तर परडी आणि पुठ्ठा यांत फरक काय राहिला? म्हणून साधी कसोटी लावा. मुलाला आपण काय करतोय ते समजले आहे का? त्याला विचारले होते का, आणि ‘नाही’ म्हणायची मुभा होती का? त्याची निवड दिसण्यावरून तर झाली नाही? फोटोग्राफर नसता तरी हे केले असते का? चारही उत्तरे नीट आली तर पुढे जा. मूल ऐनवेळी बुजले, रडले, तर त्याला कडेवर घ्या आणि विधी चालू ठेवा. आपल्या धम्मात त्याने काही मोडत नाही.

घरचे ऐकणार नाहीत, ही अडचण आम्हाला माहीत आहे. व्याही म्हणतील, "आमच्या पहिल्या मुलीच्या लग्नात सगळे होते, इथेच का नको?" तिथे भाषण देऊ नका. साखरपुड्यालाच दोन्ही घरच्या मोठ्या बायकांना एकत्र बसवा आणि विचारा, "आजी, तुमच्या लग्नात काय होते?" बहुतेक जणी सांगतील की चाळीत मांडव होता, पाहुणे रात्रभर जागले होते, धूर आणि ठिणग्या नव्हत्या. मग विचारा, "आजी, या वेळी तुम्ही पुढे चालाल का?" तिच्या होकारापुढे कुठलेही पॅकेज टिकणार नाही.

मित्रांनो, येत्या हंगामात ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी पत्रिका छापायच्या आधी हा प्रश्न घरात मांडा. हॉल, जेवण, डीजे यांवर तासन्‌तास चर्चा होते. पुढे कोण चालणार यावर दहा मिनिटे द्या. आपल्या लेकी पाकळ्या टाकायला जन्मल्या नाहीत. त्यांच्या हाती पाणी द्या, पुस्तक द्या, माइक द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!