धाराशिवच्या बायकांचं देणं

मा. संचालक, टाटा मेमोरियल सेंटर; राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडचे समन्वयक; आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे अधिकारी यांस,



बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव हिंडले, कारण बाई आपणहून दवाखान्यात येत नव्हती. अंगावरून जातंय हे जी सासूला सांगत नाही, ती डॉक्टरांना कुठून सांगणार? या भागातल्या बायकांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने, गावच्या भाषेत पिशवीच्या कॅन्सरने, किती घेरलंय ते त्या नोंदींतून कागदावर आलं.

पुढे १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास उभा राहिला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, परळचं टाटा मेमोरियल सेंटर आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत या रोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पॅप स्मिअर, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी. उरलेल्या गटांत नेहमीचीच आरोग्यसेवा. निष्कर्ष २००९ मध्ये जगासमोर आले. तपासणी न झालेल्या गटात या रोगाने ६४ बायका गेल्या, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

त्या ६४ जणी आकडा नव्हत्या. त्यांच्या मुली आज पस्तिशी-चाळिशीत असतील, म्हणजे नेमक्या तपासणीच्या वयात.

पुढच्या काळात एचपीव्ही चाचणीच्या बाजूचा पुरावा वाढत गेला आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही चाचणीचीच शिफारस केली. त्या पुराव्याच्या पायात आमच्या गावांचे दगड आहेत. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर भारतीय बायकांमागे दोघींचीसुद्धा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कुठलीच तपासणी झालेली आढळली नाही. देशाच्या तपासणी कार्यक्रमाने २०१६ मध्ये भिस्त ठेवली ती ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीवर, जिच्या एकाच फेरीने धाराशिवमध्ये मृत्यूंत ठळक घट दिसली नव्हती.

ती तपासणी वाईट आहे असं म्हणणं नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवरचा अभ्यास टाटा मेमोरियलचाच. शाळा शिकलेल्या स्थानिक मुलींना नीट तयार केलं, दर दोन वर्षांनी तपासणी केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तिथे फळ दिलं ते फेऱ्यांनी आणि हातांच्या तयारीने. आपल्याकडे मात्र महिला दिनाला शिबिर होतं, बॅनर लागतो, फोटो निघतो आणि पुढच्या वर्षी कुणी फिरकत नाही. अशा शिबिराला तपासणी म्हणू नये.

एकत्र येऊन संशोधन केल्याने काय साधतं, ते तुम्हीच दाखवलंय. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्याआधी तिच्याभोवती लिग्नोकेन टोचण्याचा प्रयोग ११ केंद्रांनी मिळून १६०० बायकांवर केला. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. लिग्नोकेन तालुक्याच्या दवाखान्यातही मिळतं. हा प्रश्न औषध कंपनीने कधी विचारला नसता. तुम्ही विचारलात, म्हणून तुमच्याकडेच मागायचं.

यापुढे कुठल्याही संस्थेशी करार कराल तेव्हा त्यात एक कलम पैशासकट घाला: उपाय लागू पडला, तर ज्या गावांनी अभ्यासाला बायका दिल्या त्या गावांत तो आधी पोहोचेल, आणि त्याची जबाबदारी अमुक अधिकाऱ्याची. अभ्यास संपला, निधी संपला, गाडी परत गेली, असं पुन्हा होऊ नये. निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत सांगा. संमतीपत्रावर अंगठा देणाऱ्या बाईला आपल्या अंगठ्यातून जगाला काय मिळालं, हे कळण्याचा हक्क आहे.

आणि धाराशिवसाठी नव्या कराराची वाट पाहत थांबू नका. एचपीव्हीची चाचणी गोव्याच्या कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर होते; हीच यंत्रं क्षयाच्या निदानासाठी सरकारी केंद्रांत आधीपासून आहेत. नमुना बाईला स्वतःच घेता येतो, त्यामुळे लाजेचा अडसर बराच कमी होतो. आशाताईला त्याचा वेगळा मोबदला द्या, तिच्या डोक्यावर आणखी एक फुकटचं रजिस्टर नको. फेरी दिवाळीनंतर ठेवू नका. त्या वेळी निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. कोयते परतल्यावर, पेरणीच्या आधी ठेवा. चाचणीत दोष निघालेल्या बाईला पुढच्या उपचारासाठी सोलापूर-मुंबईच्या चकरा लागल्या, तर ती घरीच बसेल. ग्रामीण रुग्णालयात उपचाराची सोय आधी करा, चाचणी मग सुरू करा.

तुमच्यापैकी कुणी एकाने हे काम अंगावर घ्यावं आणि धाराशिव जिल्ह्यातली पहिली फेरी कोणत्या गावांपासून, कोणत्या तारखेला सुरू होणार, ते जाहीर करावं.

आपल्या उत्तराची वाट पाहत,
धाराशिव जिल्ह्यातील एक नागरिक