भीमाची बोटं

दर वर्षी अंकाची जुळवाजुळव सुरू झाली की मी अण्णा भाऊ साठ्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा पुन्हा वाचतो. यंदा ती वाचली तेव्हा शेजारी बारामती-इंदापूरकडून आलेल्या कथांचा गठ्ठा होता. त्यातल्या बऱ्याच कथा शेवटच्या ओळीत कलाटणी देतात. मेलेला माणूस दारात उभा राहतो, विकलेल्या जमिनीवरून रस्ता जातो. क्षणभर चकित होतो. पण दुसऱ्या दिवशी त्यातला माणूस काही आठवत नाही.

अण्णा भाऊंचा भीमा मात्र आठवतो. वारणाकाठचा हा धिप्पाड गडी मुंबईच्या उपनगरात खाणीत दगड फोडत असतो. खाण बंद पडते. मसणातल्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते आणि तो राख चाळू लागतो, मग प्रेतं उकरू लागतो. एका रात्री नुकत्याच पुरलेल्या प्रेतासाठी तो कोल्ह्यांशी झुंजतो, त्यांना पुरून उरतो; आणि मढ्याच्या तोंडातलं सोनं काढताना त्याची बोटं जबड्यात अडकतात. शेवटी डॉक्टरला दोन बोटं काढावी लागतात. खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते ती त्याच दिवशी.

नुसता हा शेवट सांगितला तर तो योगायोग वाटेल. अण्णा भाऊंनी मात्र तो भीमाच्या स्वभावातच पेरून ठेवला आहे. अंगातली ताकद हीच त्याची सगळी इस्टेट. रात्रीला तो भीत नाही, मढ्याला भीत नाही, बायकोची भीती त्याला खुळी वाटते. ज्या धाडसानं घर जगवलं, तेच त्याला त्या शेवटच्या खड्ड्यापाशी नेतं. आणि हाच माणूस सोनं विकून परतताना लेकीसाठी खजूर आणतो. त्या खजुरानंतर भीमाची किळस करणं आपल्याला जमत नाही. वाटेगावहून आईबापांबरोबर पायी मुंबई गाठलेल्या लेखकाला पोटासाठी निघालेला माणूस आतून ठाऊक होता.

आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या उतरू लागतात. माळेगाव, भवानीनगरच्या कारखान्यांच्या आसपास मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. मुकादमाची उचल फेडायला गडी हंगामभर कोयता चालवतो आणि हंगाम संपून पट्टा पडतो न पडतो तोच पुढल्या सालच्या उचलीला अंगठा देतो. यापरता दैवदुर्विलास लेखकानं वेगळा रचायची गरज काय? तरी गठ्ठ्यातल्या कथांत ही माणसं रस्त्यावरून दिसतात तेवढीच येतात: एक टोळी, एक गाडी, धुळीचा लोट. मला याचं मनापासून वाईट वाटलं.

म्हणून यंदा कथा निवडताना प्रत्येकीला मी एकच प्रश्न विचारला. हा माणूस संध्याकाळी कोपीकडे परततो, तेव्हा पोरांसाठी काय घेऊन येतो? ज्या कथांना ते ठाऊक होतं, त्या पुढच्या पानांवर आहेत.