नवा म्हणून जुनाच?

मुलीच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेऊन आम्ही लॅपटॉप घेतला. घरी पाहिले तर बटणे झिजून चकाकलेली. मनात शंकेची पाल चुकचुकली. दुकानदार म्हणाला, "ताई, नवाच आहे."

मुलीने विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढला. बॅटरी दोनशेहून अधिक वेळा भरून रिकामी झालेली! कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकला, तर वॉरंटीही वर्षापूर्वीच सुरू झालेली. पक्की पावती होती, म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे परत मिळाले. न मिळते, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

पावती जपून ठेवा आणि विचारायला लाजू नका. पैसा आपल्या घामाचा आहे.